मटण, मासे आणि भाज्या मुरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मटणाला किती वेळ, माशाला किती वेळ, कारल्याला मीठ कधी, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. मासे खाणाऱ्या घरात वाढले आणि आता पुण्यात पेठेतल्या स्वयंपाकघरात रमले, त्यामुळे खालची उत्तरं दोन्हीकडची आहेत. सगळी स्वतः करून पाहिलेली. काही तर आधी बिघडवून मग शिकलेली.

‘मॅरिनेट करणं’ याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

घरात कुणी मॅरिनेट म्हणत नाही. मटणाला आपण ‘लावून ठेवतो’, माशाला ‘मीठ-मसाला लावतो’, मिरची दह्यात ‘मुरत घालतो’, कारलं ‘चोळून ठेवतो’. शब्द वेगळे असण्याला कारण आहे, कारण कामंही वेगळी आहेत. मटणाला लावून ठेवतो ते चव आणि मऊपणासाठी, माशाला वास जावा आणि अंग घट्ट व्हावं म्हणून, कारल्याला कडू पाणी काढायला. सगळ्याला एकच शब्द वापरला की सगळ्याला एकच वेळ लावायचा मोह होतो, आणि तिथेच मासा बिघडतो.

मसाला खरंच आतपर्यंत जातो का?

नाही. पटत नसेल तर एकदा करून पाहा. कोंबडीच्या छातीचा जाड तुकडा हळद, तिखट, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी धारदार सुरीने मधोमध कापा. कडेला पिवळा पट्टा दिसेल, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. त्याच्या आत मांस जसंच्या तसं फिकं.

आत जातं ते मीठ. मिठाचे कण बारीक आणि पाण्यात विरघळणारे, ते हळूहळू मांसाच्या धाग्यांत शिरतात आणि तिथे पाणी धरून ठेवतात. म्हणून मीठ लावून ठेवलेला तुकडा शिजल्यावर कोरडा पडत नाही. हळद, मिरची, गरम मसाला, लसूण हे सगळं बहुतेक बाहेरच बसतं. त्यात वाईट काही नाही, जिभेला आधी बाहेरचाच थर लागतो. पण ‘मसाला आत मुरावा’ म्हणून दुप्पट मसाला थापण्यात अर्थ नाही. खोल चव हवी असेल तर तुकड्याला चिरा द्या, म्हणजे बाहेरचा भाग वाढतो. तंगडीला हाडापर्यंत आणि अख्ख्या बांगड्याला दोन्ही अंगांना तिरप्या चिरा देतात त्या यासाठीच.

आमच्या आत्याला मिलिमीटर वगैरे ठाऊक नव्हते. ती एवढंच म्हणायची, “आधी मीठ-आगळ लाव, मगे बाकीचा बघू.” मीठ आणि आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आधी, मसाला मागून. पानभर लिहून मी जे सांगतेय ते तिने एका ओळीत सांगितलं होतं.

मीठ किती घालायचं? नंतर रस्सा खारट होतो.

एक किलो मटणाला किंवा कोंबडीला चहाचे दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण 12 ग्रॅम. हे मीठ वाया जात नाही, ते पदार्थातच राहतं, म्हणून रश्शात नंतर मीठ घालताना आधी चव घ्या. अर्धा किलो माशाला पाऊण चमचा पुरतो, आणि त्यातलं थोडं सुटलेल्या पाण्याबरोबर निघून जातं. खडे मीठ वापरत असाल तर चमच्याने मोजू नका, वजन करा. खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे चमचाभर खडे मीठ वजनाला कमी भरतं.

मटण किती वेळ लावून ठेवायचं?

काय करणार आहात त्यावर आहे. कोल्हापुरी पद्धतीने तांबडा-पांढरा रस्सा करायचा असेल, तर हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास पुष्कळ झाला. पुढे ते मटण त्याच मसाल्यावर परतून भरपूर पाण्यात शिजणार आहे, आणि त्याच आळणी पाण्याचा पांढरा रस्सा व्हायचा आहे. मऊपणा तिथे शिजण्यातून येतो, मुरण्यातून नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या करणाऱ्याने रात्रभर दह्यात मटण ठेवून काय साधतं, हे मला अजून कळलेलं नाही.

सुकं मटण असेल तर एक-दोन तास. कच्च्या मटणाची दम बिर्याणी, रान (बकऱ्याची अख्खी मांडी), शिगेवर भाजायचे तुकडे, यांना मात्र रात्र द्या. तिथे शिजायला पाणी कमी आणि वेळही कमी, म्हणून आधीची तयारी कामाला येते.

आणखी एक गोष्ट. सकाळी कापलेलं मटण दुपारी चिवट लागतं, याचा दोष नेहमी खाटकाला देऊ नका. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि नंतर हळूहळू सैल पडतात. आखडलेल्या वेळेत शिजवलं तर चिवटपणा राहतो. मीठ-हळद लावून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की तेच मटण निराळं लागतं.

कच्ची पपई किती? आमचं मटण पिठासारखं झालं.

आमचंही झालंय. घरी बारा माणसं जेवायला होती, मी दीड किलो मटणाला वाटीभर पपई किसून लावली आणि ‘असू दे रात्रभर’ म्हणून झोपले. दुसऱ्या दिवशी पातेल्यात डाव फिरवला तर हाडं वेगळी आणि बाकी खिमट. पाहुण्यांनी नावं ठेवली नाहीत, पण दुसऱ्यांदा कुणी वाढूनही घेतलं नाही.

कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनांचे धागे तोडतं. दह्यासारखं ते सौम्य नाही, आणि थांब म्हटलं म्हणून थांबत नाही. उलट भांडं तापायला लागलं की उकळी येईपर्यंत त्याला जास्तच जोर चढतो. एक किलो मटणाला सालासकट किसलेल्या कच्च्या पपईचा एक मोठा चमचा, आणि एक ते दोन तास, बस. साल ठेवायची कारण चीक सालीजवळ जास्त. पिकलेल्या पपईचा या कामाला उपयोग नाही. अननसातही असंच विकर आहे, पण डब्यातला अननस तापवलेला असतो, त्यामुळे त्याच्यात ते उरत नाही.

कोंबडीला पपई लावूच नका, आणि माशाला तर नावही काढू नका.

दही की लिंबू?

कोंबडीला दही. दह्याचं आंबटपण लिंबापेक्षा कितीतरी सौम्य, त्यामुळे चार तास ते रात्रभर काहीही चालतं. तंदुरी प्रकार करायचा असेल तर दही फडक्यात बांधून टांगा आणि चक्का वापरा. पातळ दही तुकड्यावर टिकत नाही, खाली गळतं, आणि ओला तुकडा भाजला न जाता वाफेवर शिजतो.

लिंबू जास्त वेळ ठेवलं की मांसाचा वरचा थर आवळतो आणि शिजल्यावर खडूसारखा लागतो. लिंबू घालायचंच असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात, किंवा सरळ ताटात पिळा.

माशाला नेमकं काय, किती आणि किती वेळ लावायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सावकाश सांगते.

मासा साफ करून धुतला की आधी निथळत ठेवा. मग मीठ, हळद आणि आगळ. आगळात मीठ असतंच, तेव्हा मीठ हात राखून. चिरांमध्ये बोट घालून चोळायचं, पोटाच्या आतही. आत्या हा मासा पितळी ताटात कधी ठेवत नसे, स्टीलच्या ताटात ठेवायची, आणि ताटाच्या एका बाजूखाली वाटी पालथी घालायची. ताट कलतं व्हायचं. दहा मिनिटांत वरच्या बाजूने गुलाबी-पिवळं पाणी ओघळून खालच्या कडेला जमायचं. ते पाणी ती टाकून द्यायची. त्यानंतरच लाल मसाला, आणि तोही घट्ट. हे पाणी काढलं नाही तर पुढचा मसाला त्यातच वाहून जातो, आणि तव्यावर ‘मसाला सुटला’ म्हणून ओरड होते.

आंबट का, तर वासासाठी. समुद्रातला मासा मेल्यावर त्याच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन तयार होतं. आपण ज्याला हिवस वास म्हणतो तो मुख्यतः याचाच. ते अल्कधर्मी आहे, आंबटाशी संयोग झाला की उडून नाकापर्यंत येत नाही. आगळ, चिंच, लिंबू, गोव्यातला माडाचा व्हिनेगर, सगळ्यांचं काम एकच. मोरीला (म्हणजे शार्कला) आंबट जास्त लागतं, कारण तिच्या अंगात युरिया असतो आणि त्याचा अमोनिया होतो. हळद रंग देते, वासही थोडा झाकते, पण मासा टिकवण्याचं काम तिच्यावर सोपवू नका.

वेळेचं म्हणाल तर सुरमईच्या तुकड्या आणि पापलेट वीस मिनिटं ते अर्धा तास. बांगडा वीस मिनिटं. कोलंबी दहा-पंधरा. तिसऱ्या (शिंपले) आणि खेकड्यांना काही लावून ठेवायची गरजच नाही. आंबटात तासभराच्या वर राहिला की मासा बाहेरून पांढरा पडतो, विस्तवाशिवायच शिजल्यासारखा, आणि तळल्यावर भुसभुशीत लागतो.

आणि बोंबील?

बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे त्याचं तंत्र वेगळं. मधून चिरून उघडायचा, काटा काढायचा, मीठ लावायचं आणि स्वच्छ फडक्याच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर पाटा किंवा भरलेलं पातेलं ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने फडकं पिळावं इतकं ओलं होतं आणि बोंबील कागदासारखा चपटा. मग मसाला, मग रवा-तांदळाचं पीठ, मग तवा. दाबल्याशिवाय कुरकुरीत बोंबील होत नाही, हॉटेलवाल्यांचंही वेगळं काही गुपित नसतं.

रवा लावून मासे फ्रिजमध्ये ठेवले तर वेळ वाचेल का?

वाचेल, पण रव्याचा लगदा होईल. रवा आणि तांदळाचं पीठ तव्यावर टाकायच्या क्षणी लावा. तेल तापलेलं हवं, मासा फार गार नको, आणि एक बाजू सुटून येईपर्यंत उलथन्याला हात लावायचा नाही.

गोव्याचं व्हिंदालू बटाट्याचं असतं का?

नसतं. हा घोटाळा ‘आलू’ या अक्षरांमुळे झाला. मूळ पोर्तुगीज पदार्थाच्या नावात ‘विन्या द आल्युश’ असे शब्द आहेत, त्यात विन्यो म्हणजे वाइन आणि आल्यु म्हणजे लसूण. वाइन आणि लसणीत मांस मुरवायची ती रीत. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, ही रीतही त्यांच्यामागोमाग आली, आणि इथे वाइनची जागा माडाच्या ताडीपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली. जिरं, मिरी, दालचिनी, लवंग आपल्याकडची होतीच. लाल मिरची मात्र पोर्तुगीजांमुळेच आली, तिचं मूळ अमेरिका खंडात. म्हणजे या पदार्थात मुरवणं ही पूर्वतयारी नाही, मुरवणं हाच पदार्थ आहे. डुकराचं मांस रात्रभर तरी त्या मसाल्यात राहतं, आणि केलेल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी चांगलं लागतं.

रेशाद मसाल्याचं नावही पोर्तुगीजच, अर्थ ‘भरलेला’. बांगड्याला पाठीच्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी खिसा करून हा लाल आंबट-तिखट मसाला आत भरतात. मसाला आत मुरत नाही ना, मग आत भराच, असा सरळ हिशेब. हिरव्या मसाल्याचं कॅफ्रिअल चिकन पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींकडून आलं असं मानतात. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, मिरी आणि लिंबू किंवा व्हिनेगर. कोंबडीला चिरा देऊन दोन-चार तास तरी ठेवतात.

परदेशात आगळ मिळत नाही. काय वापरू?

भारतीय दुकानात आमसुलं बहुधा मिळतात. सात-आठ आमसुलं पाव वाटी कोमट पाण्यात मीठ घालून अर्धा तास भिजवा आणि चांगली कुस्करा. आगळाच्या अगदी जवळ जातं. तेही नसेल तर चिंचेचा घट्ट कोळ. गोठवलेली सुरमई असेल तर आधी फ्रिजमध्येच पूर्ण सुटू द्या आणि कागदाने टिपून घ्या. अर्धवट गोठलेल्या माशाला लावलेला मसाला तुकडीवर नाही, ताटलीत मुरतो.

कोणत्या भांड्यात ठेवायचं?

काच, चिनी माती, स्टील. कल्हई नसलेलं पितळ किंवा तांबं अजिबात नको, साधं अॅल्युमिनियमही नको. आंबट आणि मीठ दोन्ही धातूला खातात, चव कळकते.

बाहेर ओट्यावर ठेवलं तर चालेल? आजी तर ठेवायची.

आजीचं मटण सकाळी कापलेलं असायचं आणि दुपारी पानात. अर्धा तास बाहेर चालेल, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त नको. मीठ, हळद, दही लावलं म्हणजे मांस सुरक्षित झालं असं होत नाही. जंतूंना 4 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात फोफावायला आवडतं आणि आपला ओटा बरोबर त्या पट्ट्यात येतो.

बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत तर फारच जपा. हे मासे उष्ण हवेत राहिले की जंतूंमुळे त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. तोंड लाल होणं, अंगावर गांध्या, डोकं दुखणं हे त्याने होतं, आणि पुष्कळ जण त्याला ‘माशाची अॅलर्जी’ समजून बसतात. बाजारातून आणताना बर्फ, घरी आल्यावर फ्रिज, आणि मसाला लावला की परत फ्रिज.

गटारीसाठी आधीच लावून फ्रीझरमध्ये ठेवू का?

आषाढ अमावास्येच्या आदल्या दिवसांत मटणाच्या दुकानांपुढच्या रांगा पाहता प्रश्न रास्त आहे. मीठ, हळद, आलं-लसूण, थोडं तेल एवढंच लावून गोठवा. दही, लिंबू, पपई नको, ती सुटताना मांस पिचपिचीत करतात. ती बाहेर काढल्यावर, करायच्या दिवशी लावा. नुसत्या फ्रिजमध्ये लावलेली कोंबडी किंवा मटण दोन दिवस ठीक राहतं. मासा त्याच दिवशी संपवा.

उरलेला मसाला तळताना वरून लावला तर?

कच्च्या मांसाला लागलेला मसाला नीट उकळल्याशिवाय वापरू नका. वरून लावायला हवा असेल तर आधीच वाटीभर बाजूला काढून ठेवा.

भाज्या मुरवण्यात काही अर्थ आहे का?

खूप. पण भाजीत मुरवणं म्हणजे बहुतेक वेळा आत घालणं नसून बाहेर काढणं.

कारल्याचे काप मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळा. हिरवं पाणी निघतं, त्याच्याबरोबर कडूपणाचा मोठा भाग जातो. सगळा जात नाही आणि जाऊही नये, नाहीतर कारलं कशाला खायचं? वांग्याच्या कापांना मीठ लावलं की आतला स्पंज खाली बसतो आणि काप तेल कमी पितात. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज त्यांची. चिरताना हाताला तेल, मग चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास, आणि त्याच आंबटात उकड. त्यानंतर मसाला लावून माशासारखे काप तळा. श्रावणात आमच्याकडे मासे आठवले की हेच ताटात येतात, आणि कुणी तक्रार करत नाही.

केळफूल आदल्या रात्री चिरून ताकात किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. चीक उतरतो, काळंही पडत नाही. सकाळी पिळून परतायचं.

काकडीचं उलट. खमंग काकडीत मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातलं की दाण्याचं कूट पाण्यात पोहायला लागतं.

पनीरचं विचारतात. पनीर काही शोषत नाही, मसाला बाहेरूनच लागतो, अर्धा तास पुरे. हिरव्या मिरचीची गोष्ट वेगळी, ती खऱ्या अर्थाने मुरते.

म्हणजे सांडगी मिरची? ती कशी मुरवायची?

जाड, कमी तिखट मिरच्या घ्या. धुऊन पूर्ण कोरड्या करा आणि देठ ठेवून पोटाला एकच चीर द्या. धणे, मेथी, हिंग, हळद आणि मीठ यांचा जाडसर मसाला आंबट दह्यात कालवून भरा, उरलेलं दही वरून घाला आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी मिरच्या दह्यातून काढून ताटात उन्हात टाका, दही फ्रिजमध्ये. संध्याकाळी मिरच्या परत त्याच दह्यात. दही संपेपर्यंत, साधारण तीन दिवस, हा येरझारा चालतो. मग नुसतंच ऊन द्यायचं, मिरची हातात खुळखुळेपर्यंत. ढगाळ दिवसाचा नाद करू नका, एका पावसाळी दुपारीत सगळी पाटी बुरशीला जाते. तळताना तेल मध्यम ठेवा आणि रंग पालटला की लगेच काढा, ती झाऱ्यावरही काळी होत राहते. दहीभाताबरोबर दोन पुरतात, पण ताटात चार ठेवा.